बिब्ब्याची शाई

उत्पला इंगोलेचा पुढचा दात वयानं पडला नाही, तो पुस्तकानं पाडला. साडेआठशे पानांचं, परीक्षेच्या तयारीचं जाडजूड पुस्तक गर्दीतून भिरभिरत आलं आणि त्याचा कोपरा तिच्या ओठावर बसला. तोंडात खारट रक्त आलं. पुस्तक पायाशी उघडं पडलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते कोरं होतं.

“कोरे पुस्तकं विकता काय वं बुढे? परीक्षा पंधरा दिवसांवर हाय आमची!”

“अरे बापा, मंगळवारी नेलं तवा छापेल होतं ना! तुह्याच हातानं चाळून नेलं तू!”

ऐकतो कोण? वरदखेड हे पुसदच्या अलीकडचं तालुक्याचं गाव. तिथल्या बसस्टँडमागच्या गल्लीत पुस्तकांची चार दुकानं होती. तासाभरात चारही फुटली. शेजारच्या लोणकरांना पोरांनी दाढीला धरून रस्त्यावर ओढलं आणि त्यांचा हात उलटा पिळला. तो मोडला तेव्हा ऊस मोडल्यासारखा आवाज आला, हिरवा आणि ओला. उत्पला काउंटरखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वरून पुस्तकं कोसळत होती आणि प्रत्येक पुस्तकातून काळी भुकटी झडत होती, बुक्क्यासारखी मऊ. गर्दी पांगल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिचे केस, कपाळ, हात सगळं काळं झालं होतं. चौपन्न वर्षांच्या त्या बाईच्या अंगावर तिचं अख्खं दुकान अक्षर अक्षर होऊन सांडलं होतं.

काय झालं ते कळायला महिना गेला. छापायची शाई म्हणजे तेलात घोटलेली काजळी. तेल वाळलं की त्याची पातळ कातडी होते आणि ती काजळीला कागदावर धरून ठेवते, पदराखाली लेकरू धरावं तशी. ‘अमर्याद’ नावाच्या कंपनीनं ही कातडी खाणारा एक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत घडवला होता. कंपनीला पुस्तकं विकायची नव्हती, भाड्यानं द्यायची होती. घरी मागवा, वाचा, परत करा. परतीच्या पेटीत तो जीव पान धुऊन काढणार, काजळी झडणार आणि त्याच कागदावर दुसऱ्या कुणासाठी दुसरं पुस्तक छापलं जाणार. काम झालं की जांभळ्या दिव्याखाली जीव मरायचे. झाडं वाचवली म्हणून कंपनीच्या गळ्यात हारही पडले. पण अब्जावधींतले दोनचार जीव त्या दिव्याखाली मेले नाहीत, एवढंच झालं. ते पार्सलांवर बसून गावोगाव गेले, फडताळांत शिरले, आणि पुस्तकं पांढरी पडू लागली.

कंपनीनं दिलगिरीचा एक चौकोन छापला आणि त्याखाली लिहिलं, काळजी नको, सगळी पुस्तकं आमच्या कोठारात आहेत, भाड्यानं घ्या. जगातलं सगळं छापील एका कोठारात गेलं आणि कोठाराची किल्ली एकाच कमरेला राहिली. हळूहळू भाड्याच्या पानांवर एखाद्या कडव्याच्या जागी दुसरंच कडवं दिसू लागलं, वाचणाऱ्याला जास्त गोड लागेल असं. ताडून पाहायला जुनं पुस्तक कुणाकडे होतं? आणि जी पुस्तकं कोठारात गेलीच नव्हती, जलशांची, दळणाच्या ओव्यांची, जत्रेत विकली जाणारी चोपडी, ती तर जन्मलीच नव्हती जणू.

फुटलेलं दुकान झाडताना उत्पलाच्या केरसुणीला एक चोपडं लागलं. तिच्या बापानं, गोविंदानं, मागच्या खोलीतल्या पायानं चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्रावर छापलेली जलशाची गाणी. तिनं ते सवयीनं झटकलं. भुकटी पडली नाही. उघडलं, तर अक्षरं जशीच्या तशी, कावळ्याच्या पंखासारखी काळीभोर.

ती खाली बसली आणि आठवत राहिली. चाळीस वर्षांपूर्वी दीक्षाभूमीवरच्या मेळ्याला आठ दिवस उरले होते आणि शाईचा डबा आला नव्हता. बाप म्हणाला, परीट कापडावर बिब्ब्याची खूण करते, ते कपडा फाटला तरी जात नाही, मंग कागदावरून कशी जाईन? त्यानं बिब्ब्याचं तेल काढून त्यात चुलीची काजळी घोटली. छापलं. तिसऱ्या दिवशी त्याचे हात टरटरून सुजले. तिच्या भावानं, चार वर्षांच्या नागसेननं, ओल्या पानाला गाल लावला होता, तो भाजल्यासारखा फोडांनी भरला. आई नव्हती. चौदा वर्षांच्या उत्पलानं तीळ आणि ओलं खोबरं वाटलं आणि रात्रंदिवस त्या गालाला लावलं. तो रडायचा, ती गायची.

बिब्ब्याचं तेल इतर तेलांसारखं नसतं. हवा लागली की ते लाखेसारखं घट्ट होतं आणि कागदाच्या धाग्यांतच मुरतं. सूक्ष्मजीवाला ते खाता येत नाही, उलट खायला गेला तर मरतो. माणसाच्या कातडीचं मात्र त्याच्याशी वैर आहे. तेल लागतं तेव्हा काहीच कळत नाही. शरीर ते आपल्या आत ओळखत बसतं, शत्रू म्हणून नोंदवून घेतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या जागेवर तुटून पडतं. जिथं थेंब लागला तिथंच, थेंबाच्या आकाराचा फोड. छापलेली पानं एकवीस दिवस दोरीवर वाळवली की विष मरतं, अक्षर तेवढं उरतं.

बिब्बा हवा तर कासाबाईकडे जावं लागे. बापही लहानग्या नागसेनला खांद्यावर घेऊन तिच्याकडेच जायचा, ती त्याला नागू म्हणायची. गावाबाहेरच्या पाड्यावर पळसाच्या सावलीत बसून ती पन्नास वर्षं बिब्बे फोडत होती. दगडावर बिब्बा, वरून दगड, आतली गोडंबी टोपलीत आणि तेल बोटांवर. तिच्या बोटांवरच्या रेषा कधीच जळून गेल्या होत्या. रेशनच्या यंत्राला तिचा अंगठा एकदाही सापडला नव्हता.

“सरकारच्या हिशेबी मी नाहीच वं पोरी,” ती हसायची. “मेली तं कोनाले खाडा पडनार नाही.”

“मावशी, तेल पाह्यजे. छापाले.”

“छाप ना. माह्ये बोटं खाल्ले या मेल्यानं, आता तुह्या कागदाले खाईन.”

“खात नाही, मावशी. राखते.”

तेल मिळालं. त्यासोबत कासाबाईची लेक दुर्पताही आली, तिशीची, नवऱ्यानं टाकलेली, डोळ्यांनी चपळ. उत्पलानं तिला खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला शिकवलं. शिशाचे खिळे उलटे असतात, ओळ उलटी लावायची, उलटीच वाचायची, तेव्हा कागदावर सुलटी उमटते. शाळा चौथीत सुटलेली दुर्पता सहा महिन्यांत उलटं असं वाचू लागली की सुलट्या पाटीपुढेच अडखळायची.

माणसं येऊ लागली. आधी गल्लीतून, मग नांदेडहून, मग थेट मुंबईहून. कुणी म्हाताऱ्याच्या गळ्यातलं भजन घेऊन यायचं, कुणी आजीच्या रोगावरच्या मुळ्या, कुणी मेलेल्या लेकाची चार पत्रं. बाई, हे बिब्ब्यात घाला. कंपनीकडे दहा कोटी पुस्तकं होती, पण उद्या सकाळी तशीच राहील अशी एकही ओळ नव्हती. ती या मागच्या खोलीत मिळत होती, दोरीवर एकवीस दिवस वाळत. उत्पला येईल त्याला शाईची रीतही सांगून टाकायची.

मग नागसेन आला. आता चव्वेचाळीस वर्षांचा, अमर्यादच्या गोदामावर सुपरवायझर, दोनशे माणसं हाताखाली. बापाच्या स्टुलावर बसला.

“ताई, तुह्या बिब्ब्यानं वर लय मोठ्या लोकायची आग होऊन राहिली.”

“त्याईले सांग, तीळ-खोबरं लावा.”

तो हसला नाही. “रीत सांगनं बंद कर. मशीन कंपनीले दे. तुह्या नावानं दालन करतेत नागपुरात.”

“मेल्यावर करतेत तसं?”

“मस्करी नको करू! मी सांगून आलो का बहीण हाय माही, मी समजावतो. तू नाही आयकलं तं दुसरे येतीन. ते समजावत नसतेत.”

“त्याईच्या संगं तू येशीन काय, नागू?”

त्यानं तिचं मनगट धरलं आणि इतकं दाबलं की आत काहीतरी करकरलं. “मी तुह्यासाठी इथं वरी आलो. माह्या हाताखाली दोनशे घरं हायेत, समजते तुले?” तिनं दुसऱ्या हातानं त्याच्या कानाखाली वाजवली. तो उठला, खिळ्यांची पेटी दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीवर आपटली. शिशाची अक्षरं खोलीभर पसरली. दुर्पता खाली बसून ती वेचू लागली. तिनं मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी बातमी पसरली की बिब्ब्याची पुस्तकं विषारी आहेत, मुलांची कातडी जाळतात. आणि वरून कुठूनसा जप्तीचा कागद निघाला.

त्या दुपारी कासाबाई पहिल्यांदा दुकानात आली होती. तिच्या ओव्यांचं चोपडं छापायला घेतलं होतं. शेवटच्या पानावर दोन बोटं जागा उरली, तेव्हा दुर्पता म्हणाली, “माये, अजून एक सांग.” कासाबाई खिळ्यांच्या पेटीला टेकून उभी राहिली, डोळे मिटले, आणि उभ्या उभ्या एक ओवी रचली. दुर्पतानं ती कुठं लिहून घेतली नाही, आईच्या ओठांतून थेट शिशात जुळवली, ‘काळे’ला आई ‘काये’ म्हणायची तेही तसंच. नव्या भांड्यातल्या घट्ट शाईनं एकच पान काढलं.

कासाबाईनं ते कडांना धरून उन्हाकडे नेलं. “हे माहं बोलनं हाय? येवढंसं?”

“येवढंसंच.”

“यात बिब्बा कोठी हाय?”

दुर्पतानं बोट दाखवलं. आई त्या शब्दाकडे पाहत राहिली, परगावाहून आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तशी.

तेव्हा शटर वाकलं. सातजण आत घुसले, तोंडाला फडकी, डोळ्यांवर काळे चष्मे, हातांत पहारी. कागद दाखवायची तसदी कुणी घेतली नाही. पहिला घाव ट्रेडलच्या चाकावर बसला आणि बिडाचं चाक मडक्यासारखं फुटलं. दुसरा उत्पलाच्या डोक्यात. ती पडली. दोघांनी दुर्पताला केसांनी धरून भिंतीशी दाबलं आणि तिच्या पोटात लाथ घातली. दोऱ्या तुटल्या, ओली पानं तुडवली गेली, कुणीतरी त्यांच्या ढिगावर रॉकेल ओतलं.

फरशीला गाल लावून उत्पला फक्त पाय पाहू शकत होती. बुटांच्या गर्दीत कासाबाईचे अनवाणी पाय. ते मागं सरले नाहीत, पुढं गेले. म्हातारी एका माणसाला भिडली होती. तिच्या मुठीत त्याच्या शर्टाची बटणं होती, ती तुटून एकेक फरशीवर उड्या मारत गेली. ती त्याला मिठीसारखी चिकटली होती, पान दोघांच्या छातीच्या मध्ये चुरगळलं होतं. ती काहीतरी बोलली. एकच शब्द. लोखंडाच्या आवाजात तो बुडाला. तो माणूस क्षणभर थांबला. मग पहार वर गेली आणि खाली आली, परत वर गेली आणि परत खाली आली.

अनवाणी पाय वळले. कासाबाई हळूच बसली, दळण संपल्यावर बसावं तशी, आणि आडवी झाली. तिच्या पांढऱ्या केसांतून रक्त आलं आणि फरशीवरच्या शाईत मिसळलं. मग आग लागली. ढीग जळाला, दोरीवरचं जळालं, चुरगळलेलं ते पानही जळालं. पंधरावीस फूट फरफटत दुर्पतानं दोघींना बाहेर काढलं, एका जिवंत बाईला आणि एका मेलेल्या बाईला.

ठाण्यात जबाब झाला. तोंडं झाकलेली होती, ओळख कशी पटवणार, असं साहेब म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्पलाच्या घराची कडी वाजली. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला. तिनं दार उघडलं. दारात नागसेन उभा होता. चेहरा टरटरून फुगलेला, मान लाल, हातांवर पाण्यानं भरलेले फोड. दवाखान्यात गेला असता तर नाव लिहून ठाण्यात कळवलं असतं. भाजलेल्या अंगानं तो चाळीस वर्षं मागं चालत गेला होता, जिथं तीळ-खोबरं वाटणारी एकच बाई होती, तिथं.

“ताई, आग होते वं.”

ती आत वळली. पाट्यावर तीळ घेतले, नारळ फोडला. वाटताना तिचे खांदे हलत होते. तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, लहानपणी बसायचा तसा, पाय पसरून.

“कितीजण होते तुह्यासारखे?”

“सात. सातही सुजले. आम्हाले काय मालूम का ओल्या पानाले हात लावाचा नाही... मले मालूम होतं. मी इसरलो.”

“शर्ट काढ.”

तो काढेना. तिनं गळ्याशी धरून फाडला.

छातीच्या मधोमध, डावीकडे थोडं वर सरकून, फोडांच्या दोन रांगा होत्या. बारीक, टपोऱ्या, सारख्या अंतरानं. पहिल्यांदा तिला ते पुरळच वाटलं. मग तिनं वेलांटी पाहिली. काना पाहिला. अक्षरं उलटी होती. तिनं भिंतीवरचा आरसा काढून त्याच्या छातीसमोर धरला, आणि आरशातल्या ओळी शेवटपर्यंत वाचून काढल्या.

“तिनं तुले काय म्हटलं, नागू? मारायच्या आधी?”

तो रडू लागला. सुजलेल्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, नुसतं अंग हलत होतं.

“नागू म्हनली. फडकं बांधलं होतं मी, ताई, तरी वळखलं तिनं. नागू, तू? असं म्हनली. मंग मले वाटलं, आता हे बुढी समद्यायले सांगीन. हात उठला वं. मी नाही उठवला, उठला.”

उत्पलानं वाटण हातावर घेतलं. त्याच्या गालाला लावलं, जुन्याच गालाला. पापण्यांना लावलं, मानेला, कोपरापर्यंत दोन्ही हातांना. त्याचा श्वास हळूहळू सैल झाला. तो छाती पुढं करून थांबला.

तिनं हात धुतले.

“ताई, इथं?”

“तथी नाही.”

“लय आग होते.”

“होऊ दे. उठ.”

“कोठी?”

“आधी पाड्यावर. मंग ठाण्यात.”

“मले फाशी देतीन, ताई. मी तुह्या हातचा वाढलो ना!”

“म्हनूनच मी संगं येतो,” ती म्हणाली. तिनं त्याच्या खांद्यावर आपलं लुगड्याचं धडपं टाकलं, अक्षरांना घासणार नाही असं, आणि त्याला दंडाला धरून रस्त्यानं नेलं. दोघांकडे पाहून माणसं थांबत होती. त्याला पळता आलं असतं. तिच्या दुखऱ्या मनगटात एवढी ताकद नव्हती. पण तो चालत राहिला.

पाड्यावर पळसाखाली दुर्पता बसली होती. आईच्या जागेवर, आईच्या दगडापुढे. सुतकातही ती बिब्बे फोडत होती, एका ठेक्यात, तोंडानं काही न बोलता. उत्पलानं भावाला तिच्यासमोर उभं केलं आणि धडपं बाजूला सारलं.

दुर्पतानं आधी चेहरा पाहिला. मग छाती. तिला आरसा लागला नाही. ती उजवीकडून डावीकडे, खिळ्यांवरून वाचायची तशी, सरळ वाचत गेली, आणि वाचता वाचता तिच्या गळ्यात आईची चाल आली.

*बिब्बा फोडू फोडू, बोटं झाले काये काये*
*बोटानं म्या लिवलेलं, कोन वाचीन वं माये*

ही ओवी एकाच पानावर होती. ते पान एकाच बाईच्या हातात होतं. दुर्पताला सांगायची गरज पडली नाही. तिच्या उजव्या हातातला दगड वर गेला. दगडावरून तेल ओघळून तिच्या मनगटावर आलं. नागसेननं डोळे मिटले आणि गुडघ्यांवर बसला. उत्पला आड आली नाही. पाड्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या.

दगड कितीतरी वेळ तसाच राहिला.

मग दुर्पतानं तो खाली ठेवला, फोडलेल्या बिब्ब्यांच्या शेजारी. पदरानं मनगट पुसलं. उठली आणि त्याचं धडपं दोन बोटांनी धरून छातीपासून दूर केलं.

“हालू नको,” ती म्हणाली. “एक बी अक्षर फुटू देऊ नको. साहेबापुढं पुन्हा वाचाचं हाय मले.”